तुमची धावपट्टी

काकूंनी मोदकाच्या सारणात वेलचीबरोबर व्हॅनिलाही घातली होती. पहिला घास तोंडात गेला आणि जीभ क्षणभर गोंधळली. गूळ नव्हताच, तिकडची काळपट, काकवीच्या वासाची ओलसर साखर होती. कळ्या मात्र माझ्या आजीनं पाडल्यासारख्या, बारीक आणि टोकाला एकत्र वळवलेल्या. गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मॉरिशसच्या पश्चिमेला कास्कावेल म्हणून गाव आहे, तिथल्या एका मराठी घरी आम्ही दोघं दीड दिवसाच्या गणपतीला गेलो होतो. पुण्यातल्या ओळखीच्या एक बाई तिकडे मराठी शिकवून आल्या होत्या, त्यांनी फोन करून ठेवला होता. एवढ्याशा धाग्यावर त्या घरानं आम्हाला चार वेळा जेवू घातलं. बाहेर ऊसतोडणीचे दिवस. ट्रक गेला की रस्त्यावर पाचट सांडायचं आणि आरतीच्या कापरात तो गोडसर, धुळकट वास मिसळायचा. रात्री अंगणात पोरं फेर धरून नाचली. ते लोक त्याला झाकरी म्हणतात. आमच्याकडची जाखडीच ती, समुद्र ओलांडताना एखाद-दुसरं अक्षर ओलं झालेली.

काका सगळ्याला ‘आपलं’ म्हणत होते. आपले गणपती. आपली भाषा. आपल्या रत्नागिरीचा पाऊस, जो त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. त्यांचं मराठी शाळेत शिकल्यासारखं जरा पुस्तकी, मधूनच एखादा शब्द असा कोकणी की तो मी आजी गेल्यानंतर ऐकलेलाच नव्हता. वाक्य अडलं की क्रिओलमध्ये पूर्ण करायचे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे, समोरच्याला धरून आणि समोरच्याला सोडून. काकांच्या रोजच्या क्रिओलमध्ये दोन्हीला एकच शब्द, ‘नू’. म्हणून असेल, पण मराठीत बोलताना ते ‘आपण’ हा शब्द पाहुण्यापुढे पाट मांडावा तसा मांडत होते. मी त्या पाटावर ऐसपैस बसलो होतो.

आणि जेवण उरकत आलं तेव्हा, पानावर शेवटचा ताकभात असताना, काकांनी विचारलं, “भाऊ, अगालेगाला ती तुमची धावपट्टी झाली ना, तिथे आता काय काय उतरणार?”

तुमची. म्हणजे भारताची.

मी काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर काय होतं ते पुढे सांगतो, कारण मला खुपतंय ते काकांच्या प्रश्नापेक्षा माझं उत्तर.

विषय मीच काढला होता, हेही सांगायला हवं. मॉरिशसला जायचं ठरल्यापासून मी दिएगो गार्सियाबद्दल मिळेल ते वाचत होतो. आमच्या लहानपणी हे नाव रेडिओच्या बातम्यांत यायचं, अमेरिकेचा नाविक तळ म्हणून, आणि वडील ते ऐकून ‘हं’ असा एक हुंकार द्यायचे. बेट कुठे आहे, कुणाचं आहे, हे कधी विचारलं नाही. नकाशात पाहिलं तर ते मॉरिशसपेक्षा आपल्या कन्याकुमारीला जवळ. छागोस द्वीपसमूहातलं हे सगळ्यात मोठं बेट, वरून पाहिलं तर पावलाच्या ठशासारखं. अमेरिकी नौदलानं त्यावरूनच तळाला ‘स्वातंत्र्याचा ठसा’ अशा अर्थाचं टोपणनाव घेतलंय. कुणाच्या स्वातंत्र्याचा आणि कुणाच्या छातीवर, हे विचारायचं नाही. तर मी काकांना हे सगळं तावातावानं सांगत होतो, त्यांच्याच देशाची गोष्ट त्यांनाच. काकू मधूनमधून मान हलवून तूप वाढत होत्या.

त्यातली मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट एका टिपणाची आहे. 1965 चा सप्टेंबर. मॉरिशसचे नेते स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी लंडनला गेलेले. त्यांच्यातले प्रमुख शिवसागर रामगुलाम यांना ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन एकट्याला भेटणार होते, आणि त्या भेटीआधी विल्सनच्या सचिवानं त्याला एक टिपण लिहून दिलं. मतलब असा, की उद्देश या माणसाला आशेनं घाबरवण्याचा आहे. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि छागोसच्या बाबतीत शहाणपणानं वागला नाही तर मिळणार नाही ही भीती. आशेनं घाबरवणं. मी हे वाचलं तेव्हा उठून पाणी प्यायलो. इतकं नेमकं वाक्य लिहिणारा माणूस चांगला शिकलेला असणार. 23 सप्टेंबरला भेट झाली, रामगुलाम ‘शहाणपणानं’ वागले, नोव्हेंबरात छागोस मॉरिशसपासून तोडून त्याची वेगळी ब्रिटिश वसाहत झाली, मॉरिशसच्या हातावर 30 लाख पौंड ठेवले गेले आणि 12 मार्च 1968 ला पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर नवा झेंडा चढला. काका तेव्हा आठ वर्षांचे. शाळेत मिळालेला कागदी झेंडा त्यांनी महिनाभर उशाशी ठेवला होता. बेटं गेली हे घरात कुणी बोलल्याचं त्यांना आठवत नाही. आणि तळाच्या जागेसाठी अमेरिकेनं ब्रिटनला रोख भाडं असं काही दिलंच नाही. ब्रिटन अमेरिकेकडून घेत असलेल्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या हिशोबातून 1 कोटी 40 लाख डॉलर गुपचूप वळते केले, म्हणजे तिकडच्या काँग्रेसलाही पत्ता नाही आणि इकडच्या पार्लमेंटलाही नाही. आमच्या वाडीत सामाईक विहिरीचा हिस्सा असा विकला गेला असता तर पिढ्यान्‌पिढ्या तोंड पाहिलं नसतं एकमेकांचं.

पण बेटावर माणसं होती. आणि नारळ.

माझं बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत खोबऱ्याच्या वासात गेलं. चुलीवरच्या माळ्यावर आजी नारळ धुरात सुकत ठेवायची. सोडणं ढिगानं पडलेली, करवंट्या वेगळ्या, आणि पावसाळ्यात खोबरं नीट सुकलं नाही की घरभर एक खवट, उबट वास. छागोसच्या लोकांचं सगळं आयुष्य याच वासातलं. पुरुष जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडावर नारळ सोलायचे, बायका फोडून खोबरं काढायच्या, ते भट्टीच्या खोपीत सुकवायचं, बोटीनं मॉरिशसला पाठवायचं. मॉरिशसची माणसं त्या बेटांना ‘तेलाची बेटं’च म्हणत. लोक मूळचे आफ्रिकेतून, मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेले. मागाहून थोडे आपल्याकडचे मजूरही मिसळले. पाच-सहा पिढ्या तिथे जन्मल्या आणि तिथेच पुरल्या गेल्या. लंडनच्या अधिकाऱ्यांनी कागदोपत्री ठरवलं की ही कायमची वस्ती नव्हेच, हे कंत्राटी मजूर. 1968 ते 1973 या काळात सगळ्यांना काढलं, दीड-दोन हजार माणसं. जे औषधपाण्यासाठी मॉरिशसला आले होते त्यांना परतीची बोट नाही असं सांगितलं. नंतर बेटावरचा किराणा कमी केला.

आणि कुत्री. त्या लोकांची पाळलेली शेकडो कुत्री होती, मासे पकडून आणणारी. तळाच्या आड येत होती. आधी गोळ्या घातल्या, मग विष घातलं, तरी संपेनात. शेवटी खोबरं वाळवायच्या खोपीत कोंडली आणि लष्करी गाड्यांचा धूर आत सोडला. बायका-पोरं बाहेर उभी होती. मी याबद्दल खूप वाचलंय, करार, ठराव, खटले, पण डोळ्यांसमोर येते ती ती खोप. मला तिचा वास माहीत आहे. धुराचा आणि खोबऱ्याचा.

हे सांगून झालं तेव्हा काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एक शब्द उच्चारला, “इलवा.”

इलवा म्हणजे बेटावरचा. हा शब्द त्यांच्या लहानपणी शिवी होता. केस विंचरले नाहीत, पायात काही घातलं नाही, की आई म्हणायची, इलवासारखा काय हिंडतोस. 1973 मध्ये काका तेरा वर्षांचे होते. त्यांचे मामा पोर्ट लुईच्या गोदीत हमाली करायचे. त्यांनी घरी येऊन सांगितलं, की एक बोट लागलीय आणि आतली माणसं उतरतच नाहीत, घर द्या म्हणतात. आणि सगळे हसले. काका म्हणाले, “मीपण हसलो.” ती शेवटची खेप असणार, नॉर्डवेअर बोटीची. त्या लोकांना शेवटी ज्या खोल्या मिळाल्या त्यांना दारं-खिडक्या धड नव्हत्या. ब्रिटननं पुनर्वसनासाठी दिलेले साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारनं वाटायला पाचेक वर्षं लावली आणि तोवर महागाईनं त्यांचा भुगा झाला होता. हा भाग मी तावातावानं सांगितला नव्हता. खरं म्हणजे सांगितलाच नव्हता. लहान देश विरुद्ध मोठी सत्ता या गोष्टीत तो नीट बसत नाही. लहान देशालाही त्याच्याहून लहान कुणीतरी सापडतं, आणि त्या घरात बसून, त्यांचं अन्न खाताना, ‘तुमच्या लोकांनी त्यांना हाडूत केलं’ असं मी कसं म्हणणार? काकांनी ते आपणहून म्हटलं. क्रिओलमध्ये एक शब्द आहे, ‘साग्रें’. फ्रेंचमधून आलेला, दुःख या अर्थाचा. छागोसची माणसं सांगतात की आमची म्हातारी साग्रेंनं गेली, नवरा साग्रेंनं गेला. रोगाचं नाव सांगावं तसं. काका म्हणाले, तेव्हा आम्हाला वाटायचं, दारूनं गेले.

मग ते आत गेले आणि एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची, जुनी दप्तरं आहेत, तिथून काढलेली पणजोबांच्या नोंदीची प्रत. नंबर, बोट, बापाचं नाव, जात, उंची, अंगावरची खूण, उजव्या भुवईवर व्रण. गावाच्या रकान्यात कुणा साहेबानं ऐकू आलं तसं लिहिलेलं रत्नागिरी. पणजोबांचं नुसतं नाव पुढे सगळ्या घराण्याचं आडनाव झालं, कारण साहेबाला तेवढंच पुरेसं वाटलं. काकांनी त्या व्रणाच्या शब्दावर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या भुवईवर. तिथे काही नव्हतं, पण मीही वाकून पाहिलं. “आम्हाला हा कागद तरी आहे,” काका म्हणाले. “त्यांना म्हणाले तुम्ही तिथले नाहीच.”

लिझबी एलिसे या छागोसच्या बाईचं बोलणं त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. 2018 च्या सप्टेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मॉरिशसची बाजू मांडताना तिची चित्रफीत लावली. लिहिता-वाचता न येणारी बाई, क्रिओलमध्ये बोलली, तीन-चार मिनिटंच. वीस वर्षांची होती, चार महिन्यांची गरोदर, बोटीत सगळ्यांना जनावरांसारखं भरलं होतं, मूल जगलं नाही. त्या दालनात कायद्याची किती पुस्तकं उघडली गेली असतील, पण पुढे जो तो त्या चार मिनिटांबद्दलच बोलत राहिला. 25 फेब्रुवारी 2019 ला 13 विरुद्ध 1 मतानं न्यायालयानं सांगितलं, की मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्णच झालेलं नाही, ब्रिटननं लवकरात लवकर निघावं. ते एक मत अमेरिकी न्यायाधीशाचं होतं, हे सांगायची गरज नसावी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतही 116 विरुद्ध 6. भारत अर्थातच 116 मध्ये. मी काकांना हे आवर्जून सांगितलं, “आपण तुमच्या बाजूनं होतो.” आता लिहिताना लक्षात येतंय, मी ‘आपण’ आणि ‘तुमच्या’ एकाच वाक्यात वापरले. म्हणजे पाट आधी मीच ओढला होता.

आम्ही गेलो तेव्हा करारावर सही होऊन तीन महिने झाले होते. 22 मे 2025. छागोसवर मॉरिशसचं सार्वभौमत्व, पण दिएगो गार्सियाचा ताबा 99 वर्षं ब्रिटनकडेच, म्हणजे तळ होता तिथेच, आणि त्याबदल्यात वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड. मॉरिशसच्या बाजूनं पंतप्रधान म्हणून होते नवीनचंद्र रामगुलाम, 1965 मध्ये आशेनं घाबरवलेल्या त्याच गृहस्थांचे चिरंजीव. त्या दिवशी सही काही तास अडली. दिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन बायकांनी लंडनच्या कोर्टातून आदल्या रात्री स्थगिती आणली होती. त्यांचं म्हणणं, बेटं मॉरिशसला द्या की ठेवा, आम्हाला कुणी विचारलं? दुपारपर्यंत स्थगिती उठली. नव्या करारात इतर बेटांवर परत वस्ती करायची मुभा आहे, दिएगो गार्सियावर नाही. म्हणजे ज्यांच्या अंगणात धावपट्टी आहे, त्यांनी शेजाऱ्याच्या अंगणात परत जायचं. काकांना करार पटलेला होता. पैसे येतील, पेन्शन नीट होईल. “बे, की पू फेर,” म्हणाले, म्हणजे करायचं काय. आणि त्यानंतर, अगदी त्याच स्वरात, त्यांनी मला तो अगालेगाचा प्रश्न विचारला.

अगालेगा मॉरिशसचंच. उत्तरेला हजारेक किलोमीटरवर, दोन बेटं आणि मधे ओहोटीला चालत जाता येईल असा वाळूचा पट्टा. माणसं तीनशेच्या आसपास. बाकी नारळ. 2015 मध्ये भारताशी करार झाला, आणि 29 फेब्रुवारी 2024 ला दोन्ही पंतप्रधानांनी पडद्यावरून उद्घाटन केलं. भारतानं बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि नवा धक्का. लष्करी तळ नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात. त्या दिवशी आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर समुद्र, नारळ आणि मधोमध ती लांबलचक करडी पट्टी असलेला फोटो आला होता. कुणीतरी लिहिलं, हिंद महासागर आता खऱ्या अर्थानं हिंद. मी त्याखाली टाळ्यांचं चित्र टाकलं होतं. खरंच आनंद झाला होता मला. तो लपवून काय उपयोग.

तर काकांना मी दिलेलं उत्तर असं होतं, “पण काका, तुमच्याच सरकारनं बोलावलंय आम्हाला. रीतसर सह्या झाल्यात.”

काका हसले, “बे वी,” म्हणाले, हो, तेही खरंच, आणि हात धुवायला उठले. मला वाटलं, संपलं. रात्री सुरूच्या झाडांखालून समुद्राकडे चालताना बायकोनं विचारलं, इंग्रजांचं म्हणणं तरी दुसरं काय होतं? ती सगळा वेळ काकूंशी बोलत बसली होती, मला वाटलं होतं तिचं लक्ष नाही. पण खरं आहे. हेगपर्यंत ब्रिटननं रेटलेला मुद्दा तोच होता. 1965 मध्ये मॉरिशसच्याच मंत्र्यांनी संमती दिली होती, पैसे घेतले होते, सह्या झाल्या होत्या. न्यायालयानं तो फेटाळला, कारण मालकाच्या मुठीत असलेल्यानं दिलेली संमती ही मोकळ्या मनाची संमती नव्हे. मी बायकोशी बराच वाद घातला. फरक आहे, मोठा आहे. मॉरिशस आज स्वतंत्र देश आहे. अगालेगावर झेंडा मॉरिशसचाच आहे. एकालाही घराबाहेर काढलेलं नाही. जिथे बोट वर्षातून मोजक्या वेळा लागायची तिथून आता आजारी माणसाला विमानानं नेता येईल. हे सगळं मी सांगितलं आणि हे सगळं खरं आहे. ती वाळूत चप्पल हातात घेऊन चालत होती. म्हणाली, हो ना. पण तू हे त्यांना का नाही सांगितलंस, सह्यांचंच का सांगितलंस?

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. गावातली सगळी कुटुंबं डोक्यावर पाट घेऊन पाण्याकडे निघाली. ढोलकी, टाळ, मागे उसाचा एक रिकामा ट्रक हळूहळू चाललेला, चालकानं भोंगा वाजवला नाही. काकांनी उत्तरपूजा म्हटली, ‘पुनरागमनाय च’ला त्यांचा आवाज जरा चढला. मूर्ती पाण्यात जाताना सगळे ओरडले तेच, जे आमच्या वाडीत ओरडतात. घरी परतल्यावर पाटावर थोडी वाळू आणून ठेवली, तीही तशीच. निघताना काकूंनी बायकोची ओटी भरली. ओटीतला नारळ विमानात नेता येईल का, यावर थोडा काथ्याकूट झाला. शेवटी तो फोडून तिथेच सगळ्यांनी खाल्ला. काकांनी मला पुन्हा ‘आपलं येणं-जाणं राहू दे’ असं म्हटलं. मी नीट ऐकलं, ‘आपलं’च म्हणाले.

पुण्याला आल्यावर महिन्याभरानं त्यांचा मेसेज आला. देवनागरीत, सावकाश टाईप केलेला, वेलांट्या इकडेतिकडे. त्यांच्या पुतण्याच्या बायकोचा भाऊ अगालेगाचा आहे हे मला तेव्हा कळलं, जेवताना त्यांनी हे सांगितलं नव्हतं. लिहिलं होतं, तो म्हणतो दवाखान्याची सोय होईल, बरं आहे. तो म्हणतो रात्री दिवे फार असतात. मग एक ओळ मोकळी, आणि खाली, “भाऊ, करार करताना तुमच्याकडच्या कुणी त्या तीनशे माणसांना विचारलं होतं का? तुम्ही वाचता म्हणून विचारतो.”

मी दोन-तीन वेळा उत्तर लिहायला घेतलं. एकदा ‘तुमच्या सरकारनं’ असं सुरू झालं, ते पुसलं. एकदा ‘आपल्याकडे’ असं लिहिलं, आणि ते कुणाकडे हे मलाच कळेना. फोन उपडा ठेवून चहा टाकायला गेलो. त्याला आता पंधरा दिवस होतील. मेसेज मी वाचलाय हे दाखवणाऱ्या दोन निळ्या खुणा त्यांना तिकडे दिसल्याच असणार.